सातव्या ओळीवरची सही

आमच्या कॉलेजात माझे एक सहकारी भौतिकशास्त्र शिकवतात, मी हिंदी. सरकारी भाषेत आम्ही दोघेही ‘अतिथी विद्वान’, म्हणजे दर सत्राला नव्याने बोलावले जाणारे पाहुणे. ते पनागरहून बसने येतात, स्टाफरूमच्या खुर्चीत बसताना स्वतःलाच “चलो” म्हणतात आणि डोळे मिटतात.

एकदा मी विचारलं, असंख्य कणांचं गणित सुटतं तरी कसं?

“सगळ्यांचं कोण सोडवते, भैया? एक कण घ्यायचा. बाकीचे सरासरी काय करून राहिले, तेवढं पाहायचं. त्याने तेच करायचं.” मग थकलेलं हसले. “इथंही तेच चालते.”

गेल्या आठवड्यात, आम्हाला कायम करा, असा अर्ज मी फिरवला. पहिली सही करणाऱ्याला पुढच्या सत्रात बोलावणार नाहीत, या भीतीने खालच्या सह्यांच्या ओळी कोऱ्याच होत्या. त्यांनी चष्मा पुसला आणि सातव्या ओळीवर सही केली.

“वरच्या सहा काहून सोडल्या?”

“कागद भरला की पहिला कोण, हे प्राचार्यांनाही समजणार नाही.”

“आणि नाही भरला तर?”

“तर मी आहोच. अच्छा, बस निघून जाईल.”

शनिवारी कागद माझ्याकडे परत आला. सातव्या ओळीवर त्यांची सही, बाकी सगळं कोरं. अर्जातला एकेक कडक शब्द माझा होता, पण सही करताना मीही बाकीच्यांकडेच बघत राहिलो होतो.

मी पेन काढलं आणि पहिल्या ओळीवर माझं नाव लिहिलं.