कौलं झेलणारे चाचा

चाचांनी कुणाच्या हातात कधी वस्तू दिली नाही. ते फेकायचे.

दोह्याच्या हमद पोर्टवरच्या आमच्या केबिनचं दार उघडायचं, "झेला, साहेब!" असा आवाज यायचा आणि पाठोपाठ किल्ली, चिकटपट्टी, संत्रं, जे काही असेल ते टेबलाच्या दिशेने उडत यायचं. या नोकरीतल्या माझ्या पहिल्याच दिवशी एक संत्रं कीबोर्डवर आदळलं. चाचांनी खेदाने मान हलवली. "कौल फुटला," म्हणाले आणि खिशातून दुसरं काढून फेकलं. तेही माझ्या हातातून निसटलं. मी नाशिकचा इंजिनीअर, वयाने पंचेचाळीस, आणि एका फोरमनसमोर शाळेत नापास झाल्यासारखा उभा होतो. तुमच्याही ऑफिसात असा एखादा माणूस असेल, बघा.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. बोटीवर कंटेनर बांधणाऱ्या आणि सोडणाऱ्या टोळीचे ते फोरमन होते, राहायला इंडस्ट्रियल एरियातल्या कंपनीच्या खोलीत. त्यांच्या गावी दर उन्हाळ्यात घरांची कौलं उतरवून, झाडून, पुन्हा चढवत. अंगणापासून छपरापर्यंत माणसं उभी राहत आणि कौल हातोहात वर उडत जाई. सगळ्यात वर, आढ्याजवळ, ज्याच्या हातून कौल निसटत नाही तोच उभा राहायचा. चाचा वयाच्या बाराव्या वर्षापासून तिथे उभे होते. "हात मागनं येतात, साहेब. पयले डोले लागतात," असं ते सांगायचे. माणूस कसा आहे हे तो कसं झेलतो त्यावरून कळतं, असं त्यांचं ठाम मत होतं. माझ्याबद्दलचं त्यांचं मत मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षांत सगळं दोहा वर्ल्ड कपसाठी खणून ठेवलं होतं. टॅक्सीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत जो तो फुटबॉलबद्दल बोलायचा. आमच्या घरात मात्र वेगळाच फुटबॉल शिरला होता. पोर्टवरच्या आमच्या अमेरिकन साहेबाने अल अझीझियातल्या एका मैदानावर अमेरिकन फुटबॉलची हौशी टीम काढली होती, आणि माझा एकोणीस वर्षांचा मुलगा ओंकार त्या खेळाने झपाटला होता. या फुटबॉलला पाय क्वचितच लागतो. चेंडू गोल नसतो, दोन्हीकडून टोकदार असतो. एकजण तो लांब फेकतो, दुसरा जिवाच्या आकांताने धावतो आणि धावता धावता झेलतो. त्या दुसऱ्याला रिसीव्हर म्हणतात. ओंकारला रिसीव्हर व्हायचं होतं, दुसरं काहीही नको होतं.

एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चाचा त्या साहेबासाठी कसलीशी किल्ली घेऊन मैदानावर आले, अर्थातच ती फेकली आणि बघत उभे राहिले. चेंडू हवेत असतानाच ते पुटपुटायचे, "फुटला." आणि पुढच्या क्षणी चेंडू खाली पडलेला असायचा. "झेलला," म्हणायचे आणि तो झेललेला असायचा. साहेबाने हे दहा-बारा वेळा पाहिलं आणि चाचांसाठी प्लास्टिकची खुर्ची मागवली. नियमातलं ओ की ठो कळत नसताना आमचे चाचा टीमचे परीक्षक झाले.

इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती. पण ओंकार त्यांच्याशी मराठीत बोलायला लागला.

ही गोष्ट तुम्हाला किरकोळ वाटेल. दोह्यात वाढलेल्या मुलांचे आईबाप असाल तर वाटणार नाही. मी मराठीत विचारायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. गोष्टी सांगून झाल्या, रागावून झालं, बक्षिसं लावून झाली. आणि हा माणूस तीन महिन्यांत त्याच्याकडून "चाचा, मना परत टाक" म्हणवून घेत होता! एकदा जेवताना ओंकार आईला म्हणाला, "आई, मना भात नको." ती हसून हसून बेजार झाली. मी ताट बाजूला सारलं.

दर शुक्रवारी तो गाडी घेऊन चाचांना आणायला इंडस्ट्रियल एरियात जायचा. मी कोपऱ्यावरून दूध आणायला सांगितलं की त्याला अभ्यास असायचा. मी खेळाबद्दल काही विचारलं तर म्हणायचा, "बाबा, यू वोन्ट गेट इट." शेवटी मीही झेलण्याचा सराव करायचं ठरवलं. बायको स्वयंपाकघरातून बटाटे फेकायची आणि मी हॉलमध्ये उभा. चौथ्या बटाट्याला ट्यूबलाइट गेली आणि सराव बंद पडला. होय, मी जळत होतो. एका साठीच्या माणसावर, ज्याच्या खोलीत पाच माणसं राहत होती, मी जळत होतो.

मैदानावर मी चाचांच्या शेजारीच खुर्ची टाकून बसायचो. ओंकार धावत यायचा, चेंडू हवेत असायचा आणि शेवटच्या क्षणी तो मान वळवून आमच्या दिशेने बघायचा. चाचा बघताहेत ना, एवढं बघायला. मग चेंडू निसटायचा. प्रत्येक वेळी मी चरफडायचो, आणि खरं सांगायचं तर ते चेंडूसाठी नसायचं.

नवा हंगाम तोंडावर आला. रिसीव्हरच्या दोनच जागा होत्या आणि साहेबाने नावं ठरवायचं चाचांवर सोपवलं. ओंकारची भूक मेली. निवडीच्या आदल्या दिवशीच्या सरावाला मी चाचांना गाठलं.

"चाचा, ओंकारचं काय सांगणार आहात?"

"हात बेस हायत. पाय बी. पन ह्या शिजनला नाय."

"का नाही?"

"बॉल हातात येन्याआदी तो हिकडं बगतो."

मग माझा तोल गेला. "तुमच्याकडे बघतो!" मी म्हणालो. "तुम्ही डोक्यावर चढवलंय त्याला. तुम्ही यायचं बंद करा, मग बघा कसा झेलतो ते."

बोललो आणि लाज वाटली, पण शब्द गेला होता. चाचा रागावले नाहीत. उठले, खुर्ची उचलली आणि अख्ख्या मैदानाला वळसा घालून पार समोरच्या टोकाला जाऊन बसले. तिथून त्यांनी हात वर केला, म्हणजे फेका.

ओंकार धावला. चेंडू उडाला. ओंकारने मान वळवली.

माझ्याकडे. या बाजूला मी एकटाच होतो, मी आणि पाण्याच्या बाटल्या. चेंडू पडला. दुसऱ्या वेळी तेच झालं. तिसऱ्या वेळी मीच मान खाली घातली.

चाचा खुर्ची घेऊन परत आले. "एक शिजन तुमी येव नका," ते हळूच म्हणाले. "कोन बगत नाय असा झेलायची सवय लागूं दे. मंग या. मंग तो बगनार नाय. तुमाला वाईट वाटल, पन तो झेलल."

माझा मुलगा इतके महिने माझ्याकडे बघत होता, हे कळलं आणि त्याच दमात मला तिथून उठायचं होतं. मी कबूल केलं. दुसऱ्या दिवशी साहेबाने विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "सर, ओंकार टेक. फादर नो कमिंग. कॅच ऑल." साहेब गोंधळला, पण त्याने नाव लिहिलं.

तो अख्खा हिवाळा दर शुक्रवारी मी घरात मटार सोलत बसलो. मैदान दहा मिनिटांवर होतं. ओंकारला कारण सांगायचं नाही असं ठरलं होतं, त्यामुळे त्याला वाटलं, मला पर्वा नाही. "यू नेव्हर कम," तो एकदा म्हणाला आणि दार लावून घेतलं. माझ्या मुलाने झेललेला प्रत्येक चेंडू चाचा बघत होते आणि मी बघत नव्हतो. तेव्हा इतका जळलो की रविवारी आठवडा सुरू झाला की केबिनमध्ये त्यांच्याकडे बघायचोही नाही. ते दारातूनच अहवाल द्यायचे. "नऊ कौला. एक फुटला. झेला, साहेब!" आणि संत्रं यायचं. फेब्रुवारीत कधीतरी मी ते झेललं. चाचांनी लगेच आणखी एक फेकलं.

उन्हाळ्यात त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. इतकी वर्षं सगळी तयारी बघितली, वर्ल्ड कप बघायला थांबत नाही का, असं मी विचारलं. "तो पायान् खेलतात तो? मना काय करायचाय?" म्हणाले. "घराची कौला परतायची हायत." गावाहून मग त्यांनी फोटो पाठवला. त्यांच्या मुलाने कौलं काढून छपरावर निळे पत्रे घातले होते. खाली अंगणात चाचा हात मागे बांधून उभे होते.

त्या वर्षी शहरभर झेंडे लागले आणि आमच्या मैदानावर नवा हंगाम सुरू झाला. पहिल्या शुक्रवारी ओंकार बूट घालता घालता म्हणाला, "बाबा, ह्या शिजनला या. चाचानं सगला सांगितलाय जाताना." तो माझ्याशी मराठीत बोलला होता, आणि तेही चाचांच्या. मी घाईघाईने चपला शोधायला लागलो.

मी माझ्या जुन्या जागेवर बसलो. शेजारी चाचांची प्लास्टिकची खुर्ची कुणीतरी सवयीने मांडून ठेवली होती. चेंडू उंच उडाला. ओंकार धावत आला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सांगितल्याप्रमाणे मला वाईट वाटलं. त्याने खांद्यावरून येणारा चेंडू अलगद झेलला, छातीशी धरला, चार पावलं पुढे जाऊन थांबला आणि मग मान वळवली.

माझ्याकडे नाही, शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे. एरवी मी जळलो असतो. पण त्या क्षणी मीही तिकडेच बघत होतो.