मफलरवाल्यांची मूळ संख्या

सोलापुरातल्या सात रस्त्याजवळच्या दातांच्या दवाखान्यात नाव लावताना प्रत्येकाला आपला मोबाइल नंबर मोठ्याने सांगावा लागतो. मी माझा सांगून बाकावर बसलो, तर सुजलेल्या गालाला मफलर बांधलेले शेजारचे गृहस्थ हळहळले.

"तुमच्या नंबराला तीनानं भाग जातोय की ओ!"

आकड्यांची बेरीज तीनाच्या पाढ्यात आली, की अख्ख्या संख्येला तीनाने भाग जातो. गृहस्थ बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत येईल त्या पेशंटचा नंबर तपासत होते.

"माजी मूळ संख्या हाय," ते म्हणाले. "एक आन् ती सोता, बाकी कुनाचाच भाग जात न्हाय. पोरीनं कॉम्प्युटरवर बगून दिलंय."

असला नंबर आपल्याकडे असावा म्हणून मी तो त्यांना विचारून मोबाइलमध्ये साठवला. मोबाइलने सवयीने त्याच्या आधी एक्क्याण्णव लावले.

"ह्ये काय म्होरं?"

"देशाचा कोड. परदेशातून फोन करताना लागतो."

अंगठा पुन्हा पेरांवर फिरला आणि शेवटच्या पेरावर अडकला. दात उपटायच्या आधीच त्यांचं तोंड उपटल्यासारखं झालं.

"तीनानं जातोय," ते पुटपुटले.

"अहो, सोलापुरात तर मूळच आहे ना!" मी समजूत घातली.

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. दारातून ते माघारी आले.

"तुमी परदेशात जानार हाय का?"

"नाही."

"गेला तरी तितनं मला फोन करू नका."