उसनं पान

चहाचं पाणी गॅसवर ठेवलं की ते उकळेपर्यंत इंद्रायणीबाई कलमाच्या चाकूला धार लावायच्या. ओल्या दगडावरून पातं हलक्या हातानं फिरवायचं, अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहायचं, चाकू मिटून कमरेला खोचायचा आणि मग पत्ती टाकायची. जालन्यातल्या मस्तगडच्या त्या घरात कापण्यासारखं भाजीशिवाय काही नव्हतं, आणि भाजीला हा चाकू त्यांनी कधी लावला नाही. तीर्थपुरीकडच्या एका रोपवाटिकेत त्यांची उमेदीची वर्षं मोसंबीचे डोळे भरण्यात गेली होती. रानटी लिंबाच्या खुंटाची साल चिरायची, मोसंबीचा डोळा आत सरकवायचा, वरून पट्टी आवळायची. नवरा गेल्यावर थोरले दीर पुंजाराम आणि जाऊ पुष्पाबाई त्यांना जालन्याला घेऊन आले. चाकूही आला.

गच्चीवर पुंजारामांचा वड होता. कठड्याच्या भेगेत उगवलेलं ते रोप त्यांनी उपटून फेकलं नाही, एका पसरट कुंडीत लावलं. बियाण्याच्या गोदामातली नोकरी सांभाळून ते वर्षानुवर्षं त्याच्या मुळ्या छाटत, फांद्यांना तार गुंडाळत राहिले. झाड गुडघ्याएवढंच राहिलं, पण त्याला पारंब्या सुटल्या. पुढं रस्ता रुंद करताना कोपऱ्यावरचा मोठा वड तोडला गेला आणि गल्लीतल्या बायका वटपौर्णिमेला याच कुंडीभोवती बसू लागल्या. दरवर्षी दोरे गुंडाळले जायचे, बुंध्यावर दूध ओतलं जायचं. दोरे सोडायचे कुणी आणि कसे, हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. पुंजारामांना दम लागू लागला, जिना चढणं बंद झालं, आणि वड पाण्याच्या टाकीमागं पडून राहिला.

वैशाखात पुष्पाबाई वर गेल्या तेव्हा त्यावर थोडीच पानं होती, तीही पिवळी. त्या धावत खाली आल्या आणि इंद्रायणीबाईंना हाताला धरून वर घेऊन गेल्या.

इंद्रायणीबाईंनी बुंध्यावरून बोट फिरवलं. दोरे सालीत रुतले होते, काही ठिकाणी साल त्यांच्यावरून वाढली होती. डोळा जगला की पट्टी वेळेवर सोडावी लागते, नाहीतर तीच रोपाचा गळा आवळते, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. पण हे सवाष्णींचे दोरे होते आणि त्या विधवा. त्यांनी पुष्पाबाईंना स्पष्ट सांगितलं की कापावं लागेल, आणि तुमच्यामागं मी कापणार नाही. पुष्पाबाई तांब्या घेऊन समोर बसल्या. निघेल तो दोरा त्या तांब्यात ठेवत गेल्या, मोती तलावात सोडायला. प्रत्येक चिरेतून पांढरा चीक यायचा आणि पुष्पाबाई दुसरीकडं पाहायच्या. दुधानं आंबलेली माती काढली, कुजलेल्या मुळ्या छाटल्या, विटांचा चुरा घालून नवी माती भरली.

त्या आठवड्यात उरलेली पानंही गळली. असं होतं, महिनाभरात फुटेल, असं इंद्रायणीबाईंनी सांगितलं. पण गच्चीवर आता नुसत्या काड्या उभ्या होत्या, आणि त्याच दिवसांत पुंजारामांना संभाजीनगरला तपासणीसाठी नेलं. रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. डॉक्टरांनी बायपास सांगितली आणि लांबवू नका म्हणाले.

पुष्पाबाई घरी आल्या त्या थेट गल्लीतल्या महादेवापुढं जाऊन बसल्या. आरतीला जमलेल्या बायकांसमोर त्यांनी शब्द दिला की माझ्या वडाला पान फुटल्याबिगर मी यांना टेबलावर चढू देणार नाही.

पुण्याहून आलेला मुलगा, हरिओम, आधी समजावून बोलला, मग ओरडला, मग जेवणाच्या ताटावरून उठला. शुक्रवारची तारीख मिळाली होती, ती गेली तर पुढची कधी, सांगता येत नव्हतं. पुष्पाबाई भांडी घासत राहिल्या. पुंजाराम खुर्चीत उशा लावून बसलेले असायचे. बोलताना त्यांना मधे थांबावं लागायचं.

"झाडाला बी तिकडंच भरती करा," ते एकदा म्हणाले. "एकाच खर्च्यात भागंल."

कुणी हसलं नाही. इंद्रायणीबाईंकडं कुणी पाहिलंही नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. आधी पिवळी का होईना, पानं होती. त्यांचा हात लागला आणि गेली. शेजारच्या गिरिजाबाई कठड्यावरून म्हणाल्याच, की ज्यानं त्यानं आपला हात कुठं लावावा ते पाहावं.

रोज सकाळी त्या बुंध्याला नख लावायच्या. खाली हिरवं होतं. पण हिरवी साल पुष्पाबाईंना पुरणार नव्हती, आणि डोळे फुगायला अजून आठवडे लागणार होते.

सोमवारी सकाळी त्या कुणाला न सांगता मंठा रस्त्याला गेल्या. तिथल्या मोठ्या वडावर त्यांनी सगळ्यांत लहान पानांची, दोनच पानं असलेली फांदी शोधली. तरी ती दोन्ही पानं कुंडीतल्या पानांपेक्षा मोठीच होती. ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. गच्चीचं दार आतून लावून घेतलं, एक काडी मधोमध चिरली, आणलेल्या फांदीचं टोक पाचरीसारखं तासून आत बसवलं आणि पट्टी बांधली. पट्टीवर माती चोळली, म्हणजे सांधा दिसू नये.

रोपवाटिकेत त्यांनी हजारो कलमं बांधली होती, जगावीत म्हणून. हे जगणार नाही हे बांधतानाच ठाऊक होतं. या उन्हात चार-पाच दिवस हिरवं राहिलं तरी खूप. तेवढंच हवं होतं. मंगळवारभर त्यावर प्लास्टिकची पिशवी होती. बुधवारी गरम वारा सुटला आणि दुपारी एका पानाची कड वळू लागली. त्यांनी भोवती ओलं पोतं उभं केलं आणि ते सुकू नये म्हणून संध्याकाळपर्यंत तिथंच पाणी शिंपत बसल्या. खाली हरिओम फोनवर दवाखान्याला विनवत होता, की तारीख कुणाला देऊ नका, उद्या सकाळी सांगतो.

गुरुवारी ऊन चढायच्या आत इंद्रायणीबाईंनी पोतं काढलं आणि जावेला हाक मारली.

पुष्पाबाई आल्या. कुंडीपाशी वाकल्या. पदर सावरून अजून खाली वाकल्या. पलीकडून गिरिजाबाई डोकावल्या.

"अगं बया, केवढं पान ते," गिरिजाबाई म्हणाल्या. "या झाडाला असं पान कधी आल्तं?"

इंद्रायणीबाईंचा हात कमरेच्या चाकूवर गेला आणि तिथंच राहिला.

"खत घातलंय तिनं," पुष्पाबाई मान न वळवता म्हणाल्या. "हात नका लावू कुणी."

त्या खाली गेल्या. थोड्या वेळानं कपाट उघडल्याचा आवाज आला, मग हरिओमला जल्दी गाडी काढ म्हणाल्याचा. पुंजारामांना दोघांनी धरून गाडीत बसवलं. घर रिकामं झालं, आणि इंद्रायणीबाईंनी दूधवाल्याला एक लिटरऐवजी पाव लिटरच घालायला सांगितलं.

शुक्रवारी फोन आला, शस्त्रक्रिया झाली पण शुद्धीवर आले नाहीत. शनिवारी आला, शुद्धीवर आले, पण ताप आहे. रविवारी दोन्ही पानं काळी पडून कुंडीत पडली. इंद्रायणीबाईंनी पट्टी सोडली, काडी खालून छाटली. झाड पुन्हा उघडं झालं. बुंध्याची एक बाजू सुकत चालली होती, दुसऱ्या बाजूला नख लावलं की अजून चीक यायचा. त्या दिवशी फोन आला नाही. सोमवारीही दुपारपर्यंत नाही. त्यांनी दोनदा स्वतः लावला, कुणी उचलला नाही.

मंगळवारी पुष्पाबाईंचाच आला. ताप उतरला होता, पेज प्यायले होते, बुधवारी सोडणार होते.

इंद्रायणीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, ते पान आपल्या वडाचं नव्हतं. मी मंठा रोडवरून आणून बांधलं होतं."

"मी काय आंधळी हाय का?" पुष्पाबाई म्हणाल्या. "पानं केवढी येतेत ते मला ठावं न्हाई?"

"मंग गेलात कशा?"

"सगळ्या बायांपुढं बोलून बसले होते मी. त्यातून निघायचं कसं, तेच कळून न्हाई राह्यलं होतं. तू पान आणलं." पलीकडं कुणीतरी नर्सला हाक मारत होतं. "झाड हाय का गेलं?"

"हाय. एका अंगानं हाय. पान न्हाई अजून."

"असू दे," पुष्पाबाई म्हणाल्या.

मग इंद्रायणीबाई म्हणाल्या, "मंग दूधवाल्याला उद्यापासून परत एक लिटर सांगू का?"