लाइटवालीच्या मागची गर्दी

प्रज्ञा गेल्याचं मला तिच्या धाकट्या भावानं, सुमेधनं, फोनवर सांगितलं. मी हडपसरच्या ऑफिसखाली गाडी लावत होतो. "दादा, ताई काल गेली. आज सकाळी सगळं उरकलं," एवढंच तो म्हणाला. तिचं गाव भंडारा, पुण्याहून काही जवळ नाही, त्यामुळे 'निघतो' म्हणायचीही सोय उरली नव्हती. मी 'बरं' म्हणालो, लिफ्टनं वर गेलो आणि दुपारपर्यंत कोडमधली एक चूक शोधत बसलो. ऑफिसात कुणाला काही बोललो नाही. बोललो असतो तर ती तुमची कोण, असं विचारलं गेलं असतं. सहकारी म्हटलं तर फार कमी होतं, आणि मैत्रीण म्हणावं तर मी तिच्याशी एकदा जसा वागलो तसं मैत्रिणीशी कुणी वागत नाही. याला आता सहा आठवडे झाले. ते वागणं मी तिच्याजवळ कधी कबूल केलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आमची ओळख कंपनीतली. परदेशी व्हिडिओ गेममधल्या किरकोळ वस्तू बनवून द्यायचं काम आमच्याकडे यायचं. नायक, राक्षस, राजवाडे तिकडे व्हायचे. आमच्या वाट्याला लाकडी खोकी, पिंपं आणि ओले दगड. ती चित्रकार, मी प्रोग्रामर. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका खोक्याच्या एका खिळ्याला गंज चढवत होती. मी म्हटलं, "खेळणारा हे खोकं दोन सेकंदांत फोडणार आहे." मान वर न करता ती म्हणाली, "फोडू दे ना. पण खोकं फोडून राहिलो असं तर वाटलं पाहिजे त्याला." दोन वर्षं दुसऱ्यांची खोकी रंगवल्यावर आम्ही आपला स्वतःचा एक छोटा गेम करायचं ठरवलं. शनिवार-रविवारी ती बसनं नारायण पेठेत आमच्या घरी यायची आणि बाहेरच्या खोलीत आमचं काम चालायचं.

कल्पना तिचीच होती. वरातीत डोक्यावर दिव्यांचं झुंबर घेऊन चालणाऱ्या बायका असतात, त्यांतली एक. तिची आत्या लग्नसराईत हे काम करायची. या बायका एकमेकींना आणि मागच्या जनरेटरच्या गाडीला वायरनं जोडलेल्या असतात. एक थांबली की अख्खी रांग ओढली जाते. गेममध्ये तुम्ही ती बाई. डोक्यावरचा उजेड पडेल तेवढीच वरात दिसते आणि वायर पुरेल तेवढंच चालता येतं. नाव ठेवलं 'लाइटवाली'. मी आठ महिने त्या वरातीला चालायला शिकवत होतो... बँडवाले, घोडा, नाचून दमलेले मामा, प्रत्येकाची चाल निराळी. त्या गर्दीचा मला फार अभिमान होता, आणि पुढचं सगळं त्यातूनच झालं.

असे गेम ऑनलाइन दुकानात विकले जातात, आणि तिथे तुमचं कव्हर पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसतं, शेकडो तसल्याच तिकिटांच्या मधोमध. बघणारा सरकत सरकत पुढे जात असतो. प्रज्ञाची कव्हर तपासायची एक रीत होती. मोबाइलवर चित्र लहान करून ती समोरच्याच्या डोळ्यांपुढे क्षणभर धरायची, लगेच वर तळहात ठेवायची आणि विचारायची, "काय दिसलं?" चांगलं आहे का, आवडलं का, असं ती कुणालाच विचारायची नाही. चहावाला, कंपनीचा वॉचमन, बसमधली शेजारीण, कुणी सुटलं नाही. माझ्या मनातल्या कव्हरावर सगळी वरात होती, वर आतषबाजी, आणि सोनेरी ठसठशीत अक्षरांत नाव. तिच्या कव्हरावर काळोखात एकटी बाई, डोक्यावर झुंबर, ताणलेली मान, बस्स. दोन्ही चित्रं घेऊन ती आमच्या आईकडे गेली. आई गवार मोडत होती. आधी माझं दाखवलं, झाकलं. "काय दिसलं, काकू?"

"गर्दी," आई म्हणाली. "लक्ष्मी रस्त्यावर फुकट बघायला मिळते."

मग तिचं दाखवलं. आईचा हात थांबला. "बाई आहे. मान अवघडलीय बिचारीची. लग्नघरात हिला कुणी जेवायला विचारलं की नाही?"

प्रज्ञा मला म्हणाली, "पाह्यलंस? काकूंनी अख्खा गेम सांगितला."

कव्हर तिचंच ठरलं. मी हो म्हणालो. मग गेम बाहेर पडायच्या आठवड्यात ती चुलत बहिणीच्या लग्नासाठी भंडाऱ्याला गेली, आणि मी एकट्यानं कव्हर बदललं. कारणं माझ्याकडे तेव्हा भरपूर होती. आठ महिन्यांची मेहनत काळोखात कशी ठेवायची, भरगच्च काहीतरी दिसायला हवं, वगैरे. खरं कारण याहून वाईट होतं. त्या दमलेल्या बाईची मला लाज वाटत होती. जगापुढे जायचं ते अशा चेहऱ्यानं, असं मनात येऊन गेलं होतं. ती बाई म्हणजे प्रज्ञाची आत्या होती हे मला माहीत होतं, तरी येऊन गेलं. प्रज्ञानं लग्नाच्या मांडवातून फोन केला. "कव्हर बदलवलंस?" मी म्हटलं, "हो, जरा भरलेलं बरं वाटलं." मागे सनई वाजत होती. "बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला. ती भांडली असती तर मी लगेच माघार घेतली असती, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो.

गेमकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. दुकानाच्या त्या रांगांमध्ये माझी वरात सांडलेल्या गुलालासारखी दिसत होती. चार महिन्यांनी मी तिला म्हणालो, "तुझं ते जुनं कव्हर लावून बघू या का? बदलून बघायला काय जातंय." माझं चुकलं, एवढं म्हणायला हवं होतं, त्याऐवजी मी प्रयोग करतोय असा आव आणला. तयार फाइल पाठवायला तिनं आठ दिवस लावले. त्यावरूनही मी कुरकुरलो. ते कव्हर लावलं आणि हळूहळू लोक थांबायला लागले. कुठल्याशा देशातून कुणीतरी लिहिलं की गेम कसला आहे ते माहीत नव्हतं, त्या बाईसाठी घेतला. पुढे एका कॉलेजात मी कव्हर कसं असावं यावर तासभर बोललो. गर्दी टाळा, एकच गोष्ट दाखवा, नाव वाचता येईल असं ठेवा... सगळं तिचं, आणि सांगताना 'आम्ही ठरवलं, आम्ही ठरवलं'. ती शेवटच्या रांगेत बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "पहिल्या कव्हराचं सांगितलंच नाहीस." मी म्हटलं, "वेळ कुठे होता." ती हसली. आम्ही चहा प्यायलो.

नंतर तिचा आजार निघाला. उपचार पुण्यात झाले, मग ती भंडाऱ्याला घरी गेली. मी फोन करायचो. प्रत्येक वेळी ठरवायचो की आज बोलायचं, आणि रिपोर्ट, भूक, झोप एवढ्यावर फोन संपायचा. आजारी माणसासमोर जुनं उकरून काढू नये, असं स्वतःला समजावणं सोपं होतं.

मागच्या रविवारी सुमेध तिची हडपसरची खोली रिकामी करायला आला. तिची हार्ड डिस्क माझ्या हातात देऊन म्हणाला, "यातलं आम्हाला काही समजत नाही, तुम्हीच पाहा." घरी येऊन लावली. त्यात 'अभयची वरात', म्हणजे माझ्याच नावाचा, एक फोल्डर होता. तेवीस चित्रं. पहिलं माझं कव्हर, जसंच्या तसं. दुसऱ्यात नाव लहान केलेलं. तिसऱ्यात आतषबाजी विझलेली. मग एकेका माणसावरचा उजेड कमी होत गेलेला, बँडवाले, मामा, घोडा... आणि पुढे चालणारी ती बाई हळूहळू एकटी उजळत गेलेली. तेविसावं चित्र म्हणजे आज दुकानात आहे ते कव्हर. इतकी वर्षं मी त्याला तिचं जुनं कव्हर समजत होतो. जुनंही डिस्कवर होतं, ते शेजारी उघडून ठेवलं. त्यात बाईच्या मागे निव्वळ काळा रंग आहे. यात स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवला की ढोलवाल्याचा खांदा दिसतो, घोड्याची मान दिसते, सगळे आपापल्या जागी. माझा एकही माणूस तिनं पुसला नव्हता. ते आठ दिवस यात गेले होते.

मी सुमेधला फोन लावला आणि आधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. मी तिला न विचारता कव्हर बदललं, ते फसलं, चूक माझी होती आणि मी ती कधी मान्य केली नाही. तो जरा गोंधळून म्हणाला, "पण दादा, घरी गेमचं ते आताचं कव्हर फ्रेम करून लावलंय. ताई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, हे आम्ही दोघांनी मिळून काढलं."