अव्वा, नात आणि सात उघड्या बाटल्या

मी भूगोलाचा मास्तर आहे, त्यामुळे परदेशातलं मला सगळं ठाऊक असतं. (पासपोर्ट मात्र गेल्या वर्षी पहिल्यांदाच काढला.) म्हणून अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, सोलापूरहून जर्मनीत बहिणीकडे न्यायची जबाबदारी माझ्यावर आली.

अव्वाला तिथं ओढ होती ती फक्त नातीची. इरा पाच वर्षांची. पहिल्याच दिवशी अव्वानं बॅगेतून नेलेल्या मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापली, वर तिखटजाळ शेंगाचटणी घातली आणि कौतुकानं पहिला घास नातीच्या तोंडात दिला. पोरीनं असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरची बाई धावत वर आली! त्या दिवसापासून अव्वाचा हात पुढं आला की इराचं तोंड घट्ट बंद. "बा गं बंगारा, ये गं सोन्या," म्हणत अव्वा ताटली घेऊन मागं आणि इरा टेबलाखाली. परतायला चार दिवस उरले, तरी अव्वाच्या हातचा एक घास तिनं खाल्ला नव्हता.

"माझ्या हातात इख हाय व्हय रे, शिवू?" अव्वा विचारायची. हसत विचारायची, पण पाठ वळली की पदर डोळ्याला लावायची. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी तिनंच तोड काढली. "हितल्या लेकरांस्नी जे आवडतंय, त्येच भाकरीवर घालू की! चल दुकानात."

बहीण कामावर गेली होती. इराला घेऊन आम्ही दोघं सुपरमार्केटात शिरलो. बघतो तर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसते सॉस! लाल, पिवळे, तपकिरी, आणि एक तर शेवाळासारखा हिरवा.

"ह्यातलं चांगलं कुटलं?"

"इथं सगळंच चांगलं असतं, अव्वा."

"कोन म्हनतंय? तू चाकलंयस?"

आता सोलापुरात चटणी घ्यायची रीत तुम्हाला सांगायला हवी. दुकानदार चिमूटभर चटणी तळहातावर ठेवतो, आपण ती जिभेवर घेतो, नाक मुरडतो आणि पुढच्या दुकानात जातो. अव्वानं उभ्या जन्मात न चाखता चटणी घेतलेली नाही. तेवढ्यात मला पलीकडं एक टेबल दिसलं. तिथं एक बाई येणाऱ्याजाणाऱ्याला काडीला टोचून चीजचे तुकडे देत होती. माझ्यातला मास्तर जागा झाला.

"अव्वा, इथंपण चाखू देतात! पुढारलेला देश आहे. फक्त बाटलीवर हिरवं पान बघ. पान असलं की मांसमच्छी नाही. मग बिनधास्त उघड!"

एवढं ज्ञान देऊन मी चीजचा अभ्यास करायला गेलो. (चार तुकडे. अभ्यास म्हटलं की खोलात जावं लागतं.)

परत आलो तर सात बाटल्यांची झाकणं उघडी! अव्वाच्या तळहातावर रंगपंचमी.

"ह्ये नुसतं आंबट. ह्येच्यात मीठच न्हाय. आन् ह्यो पिवळा थेट नाकात जातोय रे!"

"अव्वा! अगं, हे काय केलंस?"

"तूच म्हनलास की!"

समोरून दुकानाच्या कोटातली एक उंच बाई झपाझप येत होती. मी घाईघाईनं झाकणं लावायला लागलो. लाल बाटलीला पिवळं झाकण, पिवळीला हिरवं, आणि दाबून बसवताना लाल सॉसची चिळकांडी माझ्या पांढऱ्या शर्टावर! बाई जागच्या जागी थबकली. मी इंग्रजीत सांगू लागलो की सातही बाटल्या आम्ही विकत घेतो, आणि आमच्या सोलापुरात अशी रीत आहे. रीत नीट कळावी म्हणून सॉसनं लालभडक झालेला माझा तळहात तिच्यापुढं धरला. ती दोन पावलं मागं सरकली.

एवढ्यात खालून आवाज आला, "अव्वा, मला पण."

इरानं आपला चिमुकला तळहात पुढं केला होता. अगदी अव्वासारखाच, पाचही बोटं जुळवून. अव्वानं तपकिरी बाटलीतला एक थेंब त्या हातावर ठेवला. इरानं तो चाटला. मग सरळ अव्वाचाच तळहात धरला आणि त्यावर उरलेलंही चाटून टाकलं!

"अजून," ती म्हणाली.

अव्वा तिथंच फरशीवर बसली आणि पोरीला कुशीत घेऊन हमसून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. (पिवळ्या सॉसमुळे नव्हे.)

दुकानातल्या बाईचा चेहराही निवळला. ती गुडघ्यावर बसली आणि इराला जर्मनमध्ये हळूच काहीतरी विचारू लागली.

"काय म्हणतात गं त्या?" मी इराला विचारलं.

"बाटल्या उघडायला कोणी सांगितलं म्हणते."

अव्वानं डोळे पुसले. इरानं ओठ पुसले. आणि सॉसनं माखलेली दोन बोटं, एक सुरकुतलेलं नि एक इवलंसं, एकदमच माझ्याकडं वळली. आजी-नातीचं आयुष्यातलं ते पहिलं एकमत!