एल मेस्कितेचं टोक

माझा नवरा हिलारियो शाळेत दोन इयत्ताच शिकला, पण भाल्याचं दगडी टोक हातात दिलं की ते कुठल्या जातीचं, हे क्षणात सांगायचा. हजारो वर्षांपूर्वीची टोकं ती! बत्तीस वर्षं तो इथे मेक्सिकोत, तेवाकानच्या खोऱ्यात उत्खननवाल्यांकडे राबला. आधी मातीच्या पाट्या वाहिल्या, मग चाळण धरली, मग टोकं निवडायच्या टेबलाशी बसला. "पातं काय बघता, बूड बघा," असं शिकून आलेल्या पोरांनाच सुनवायचा. घरात मीठ कुठल्या डब्यात आहे, ते मात्र मरेपर्यंत कळलं नाही त्याला.

आमचं गाव एल मेस्किते. झरा आटला तशी माणसं निघून गेली, शेवटी आम्हीही कुलूप लावलं. आमची थोरली ओतिलिया तिथल्याच मातीत आहे. नऊ वर्षांची गेली. पुढे सरकारी यादीतून गावाचं नावच खोडलं. हिलारियो कचेरीत जाऊन ते स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला.

मग गावाजवळच्या गुहेत एक टोक सापडलं. बूड रुंद, पातं आखूड आणि एका अंगाला कललेलं. उत्खननाच्या प्रमुख डॉक्टर रेनाताबाई हरखूनच गेल्या. "असं कुठेच नाही, हिलारियो! नवी जात दिसतेय. जवळच्या गावाचंच नाव देऊ. एल मेस्किते टोक. पुस्तकात छापू."

म्हातारा धावतच घरी आला. "फ्रोसिना, ऐकलंस का? आपलं गाव आता पुस्तकात राहणार. आपली पोर निनावी माळावर नाही पडलेली!" बोलता बोलता रडला. मीही रडले, खोटं कशाला सांगू.

आठवड्याने तोंड पाडून आला.

"काय झालं रे?"

"ते कोश्कात्लान आहे. जुनीच जात, कधीचीच पुस्तकात असलेली. पातं तुटलं असणार. मग काठीला बांधलेलं असतानाच त्या माणसाने पुन्हा पुन्हा धार काढली. पातं झिजलं, बूड तसंच राहिलं. दहा वेळा मोजलं मी. बाईंना सांगून आलो."

"बाईंच्या लक्षात आलं होतं?"

"नाही."

माझं डोकंच फिरलं. "मग तुझी जीभ कशाला वळवळली, मेल्या? मोठा आलाय संत! पोरीच्या गावाचं नाव लागत होतं. एका दगडासाठी घालवलंस?"

तो चुलीपाशी खाली बसला. "आज ना उद्या कुणीतरी ओळखलंच असतं गं. मग पुस्तकातूनही नाव खोडलं असतं. एकदा खोडलेलं बघितलंय मी. पुन्हा बघायची ताकद नाही माझ्यात."

तव्यावर मक्याची भाकरी करपत होती. मी तवा उतरवला आणि त्याच्याजवळ जाऊन बसले.