पुनवेआधीचे मासे

"श्रावणात कोकणात कोण मरायला जातं?" असं वडील म्हणाले आणि मी त्याच संध्याकाळी पिशवी भरायला घेतली. माझा स्वभावच तसा. कुणी 'नको' म्हटलं की पाय आपोआप तिकडेच वळतात. त्या दिवशी वडील गप्प बसले असते तर कदाचित मी गेलेही नसते. मग "आजी, पावसाळ्यात मालवणला जावं का?" असं या ब्लॉगवर विचारणाऱ्या तुम्हा मंडळींना सांगायला माझ्याकडे काही उरलं नसतं.

गोष्ट साठच्या दशकातली. गोवा नुकता मोकळा झाला होता. सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा अजून झाला नव्हता, तो सगळा मुलूख रत्नागिरीतच मोडायचा. मी कोल्हापुरात शाळेवर नवीनच लागले होते. शाली माझ्यासोबत शिकवायची, ती आचऱ्याजवळच्या एका मच्छीमार वाडीतली. "नारळी पुनवेला ये, ताजे मासे खाऊ घालते," एवढंच ती म्हणाली होती. पंचगंगेतले काटेरी मासे खाऊन वाढलेल्या मला एवढं आमंत्रण पुष्कळ होतं.

सुट्टी जोडून पुनवेच्या चार-पाच दिवस आधीच आम्ही दोघी निघालो. आजऱ्यावरून आंबोलीपर्यंत एसटीने हाडं खिळखिळी केली. आंबोलीत धुकं इतकं की चहाची टपरी नाकाने शोधावी लागली. तिथे गरम भजी खा, पण बसच्या दारावर एक डोळा ठेवून खा, कारण ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही. छत्रीचा उपयोग शून्य, पाऊस आडवा येतो. तिकिटाला किती पैसे पडले ते सांगत नाही, उगाच हळहळाल.

घाट उतरून सावंतवाडी, मग कुडाळ. तेव्हा तिथे रेल्वे कसली? हल्ली तुम्ही स्टेशनवर उतरून तासाभरात मालवण गाठता, आम्ही बस बदलत बदलत, ओल्या पदराने बाकं पुसत गेलो. कुडाळच्या कंडक्टरने माझ्या बोलण्यावरून मी घाटावरची हे ओळखलं.

"श्रावणात खंय जातास बाय? मासो गावाचो नाय हां," तो म्हणाला. म्हणजे मासा मिळणार नाही.

"बघू की," मी म्हटलं. शाली खिडकीबाहेर बघून हसत होती.

मालवणच्या पुढे खाड्या आडव्या येतात. आता पूल आहेत, तेव्हा तरीतून, म्हणजे माणसं पार करणाऱ्या होडीतून, पलीकडे जायचं. नंतर माडांमधून पायवाट, शेवटी नुसती वाळू. वाडीवर पोचलो तेव्हा शालीची आई, जानकीकाकी, दारातच उभी होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ती आणि शालीचा धाकटा भाऊ बाबल, दोघंच. काकी आयुष्यभर माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाजार करत आलेली. मान अशी ताठ की पाटी नसतानाही ती डोक्यावर आहे असं वाटावं.

"इलंस गो? बस, बस. ह्या तुझाच घर."

जेवायला पेज, कुळथाची पिठी आणि भाजलेला सुका बांगडा. चव अशी की मी तीनदा मागून घेतलं, पण ताज्या माशाचं काय? मी निर्लज्जपणे विचारलं.

"पुनवेपर्यंत कळ काढ," काकी म्हणाली. "दर्याक नारळ दिलो की सगळ्यांच्यो होड्यो एकदम सुटतल्यो. आधी कोण जाणा नाय. आता माशांच्या पोटात गाबोळी आसा. ती आता खाल्लंव तर फुडल्या वर्साक काय खातलंव?"

गाबोळी म्हणजे माशाची अंडी. नियम साधाच होता. पावसाळ्यात समुद्राला हात लावायचा नाही आणि सुरुवात सगळ्यांनी एकाच दिवशी करायची, म्हणजे ज्याची होडी लहान त्याच्याही जाळ्यात पहिल्या दिवसाचा मासा येतो. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण लहान पोरालाही तोंडपाठ होता.

त्या वर्षी मात्र मालवणच्या एका शेटने वाडीत इंजिनाची लाँच आणली होती. शेटचं नाव लिहीत नाही. त्याची नातवंडं आता तिकडेच हॉटेलं चालवतात आणि तुम्ही तिथेच उतराल. लाँचचं जाळं समुद्राच्या तळावरून फरफटत जायचं आणि वाटेत येईल ते सगळं उचलायचं. तिचा तांडेल, म्हणजे लाँच हाकणारा मुख्य माणूस, होता आमचा बाबल. पाऊस उघडल्यासारखा झाला होता. शेटचं म्हणणं, पुनवेची वाट कशाला बघायची, उद्याच निघा.

रात्रीच्या जेवणावरच मायलेकांची जुंपली.

"आये, इंजिनाक पुनव कळणा नाय," बाबल म्हणाला.

"इंजिनाक कळणा नाय, तुका कळता मां?"

"मी नाय गेलंय तर शेट दुसऱ्याक बसवतलो. मगे आपण काय खावचा?"

बाबल अर्ध्या ताटावरून उठला. मला त्याचाही राग आला नाही. स्वतःची होडी नसलेल्या पोराला पहिल्यांदा कुणीतरी तांडेल केलं होतं. त्याच्या अंगावर नवा सदरा होता आणि तो दिसावा म्हणून पोरगा कंदिलाजवळ बसला होता.

दुसऱ्या दिवशी लाँच गेली आणि त्याच्या पुढच्या सकाळी भरून आली. सगळी वाडी किनाऱ्यावर. मीही धावले. फळीवर माशांचा ढीग ओतला तेव्हा खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सुंगटं म्हणजे कोळंबी, लेपे, ढोमे. मग जवळ जाऊन पाहिलं. निम्म्याअधिक माशांची पोटं टम्म फुगलेली, आणि खाली बोटाएवढी पिल्लं, चिरडून चिखल झालेली. पाणी सुटलं होतं ते तिथेच गिळलं.

आता गंमत बघा. शेटकडे लाँच होती, इंजिन होतं, खाडीपलीकडे ट्रकही उभा केला होता. पण किनाऱ्यापासून तरीपर्यंत वाळू, आणि वाळूतून मासे जायचे ते फक्त बायकांच्या डोक्यावरून. बायका आल्या होत्या, पाट्या घेऊनच आल्या होत्या. शेट खूश झाला.

"बघतास काय? उचला!"

तेव्हा एका म्हातारीने आपली पाटी वाळूत उपडी घातली आणि शेजारी बसली. मग दुसरीने. मग सगळ्यांनीच. कुणी घोषणा दिली नाही, कुणी भाषण केलं नाही. पाट्या उपड्या आणि बायका बसलेल्या, जणू दुपारच्या गप्पांना जमल्यात. पुरुष माडांखाली विड्या ओढत बघत होते. त्यांच्यापैकी कुणी पाटी उचलली असती तर त्या रात्री त्याला घरी जेवण मिळालं नसतं.

उभी राहिली ती एकटी जानकीकाकी. पाटी अजून तिच्या कमरेवर होती. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, कारण मासे तिच्या मुलाने आणले होते. तिने उचलले असते तर तिला कुणी बोललं नसतं, पण मग दुसरीने उचलले असते, तिसरीने उचलले असते, आणि तो अलिखित नियम त्याच सकाळी संपला असता. हे मला घाटावरचीला कळत होतं, तर तिला किती कळत असेल.

बाबल गुडघाभर पाण्यात उभा होता.

"आये, पाटी सुलटी धर. घरचो मासो आसा."

"घरचो नाय," काकी म्हणाली. "सगळ्या वाडीचो आसा, आणि तुया एकट्यान आणलंस."

आणि तिने पाटी उपडी घातली.

शेटचा तोल गेला. "जानकी, तुझो झिल फाल्यापासून माझ्या लाँचीर नसतलो!" झिल म्हणजे मुलगा, फाल्या म्हणजे उद्या.

"नसांदे," काकी म्हणाली.

मग शेट माझ्याकडे वळला, एकदम शुद्ध मराठीत. "बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. जरा सांगा यांना. देश पुढे चाललाय आणि ह्या प्रगतीच्या आड येतायत."

"पुढे जायला पुनवेपर्यंत थांबलात तर देश अडेल का?" मी विचारलं. काकीने मला हळूच दटावलं, "तू पावणी, घराक जा." मी नाही गेले. माझ्याकडे पाटी नव्हती, म्हणून चपला काढून तशीच वाळूत बसले. बसायचं ठरवलं की मी चांगली बसते.

दुपारपर्यंत ढिगाला वास सुटला. ट्रक रिकामा गेला. शेवटी शेटने गडी बोलावून ते मासे आपल्याच माडांच्या मुळाशी पुरले. बाबलने घरातून वळकटी काढली. उंबऱ्यावर थांबून म्हणाला, "तुका दर्यो सांभाळूचो आसा, माका पोट." काकीने त्याला भाकरी बांधून दिली. ती त्याने घेतली, पण मागे वळून पाहिलं नाही.

पुनवेला वाडीने वाजतगाजत दर्याला नारळ दिला आणि लहानमोठ्या सगळ्या होड्या एकदम पाण्यात शिरल्या. शेटची लाँचही, नवा तांडेल घेऊन, निमूटपणे त्यांच्यामागून निघाली. संध्याकाळी काकीने मला बांगड्याचं तिखलं, म्हणजे झणझणीत कालवण, वाढलं. तसं मी पुन्हा कधी खाल्लं नाही. तिने स्वतः पेज घेतली.

कोल्हापूरला परतले. वडिलांनी विचारलं, "मिळाले का मासे?" मी सगळं सांगितलं. "हट्टी दिसते बाई," ते म्हणाले. मी म्हटलं, हट्टीच आहे, आणि तशाच हव्यात.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पावसाळ्यात मालवणला जरूर जा. आंबोली बघा, पेज प्या, सुका बांगडा खा. ताज्या माशाचा हट्ट धरू नका, आणि कुणी कौतुकाने गाबोळीचे मासे पुढे केलेच तर ताट परत करा. आज पावसात इंजिनाच्या होड्यांना कायद्याने बंदी असते. पण झगझगीत दिवे लावून समुद्र खरवडणाऱ्या मोठ्या बोटी आहेतच, आणि लहान होडीवाले ओरडले की त्यांनाच प्रगतीच्या आड येणारे म्हणतात. हे वाक्य मी त्या वाळूवर ऐकलंय. तेव्हा पटलं नव्हतं, आता ऐंशी ओलांडल्यावर तर मुळीच पटत नाही.

एक सांगायचं राहिलंच. त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात शाली एकटीच गावी गेली होती. परत आल्यावर मधल्या सुट्टीत तिने सांगितलं, लाँच यंदाही पुनवेआधी आली. बायका जमल्या, पण यंदा चुळबुळ होती. जानकीचा मुलगा घर सोडून गेला, उद्या आपलाही जाईल, ही धास्ती. आधी पाटी कोण उपडी घालणार म्हणून जी ती दुसरीच्या तोंडाकडे बघत होती. पहिली पाटी उपडी पडली ती काकीची.

"बरोबर केलं!" मी इतक्या जोरात म्हटलं की पोरं वळून बघायला लागली.

"बरोबरच केलं," शाली म्हणाली. "पण आई अजून रोज दोन ताटं मांडते गं."